मामाचा राग

कुंबिट, ९ फेब्रुवारी २०१६

बोनिफास,

माझी मुलगी मेली. तुला कळलं असेलच. कौन्सिलर लिओने टेकडीवर जाऊन मोर्सबी शहरात तुला फोन लावला, असं कास्पर सांगतो. तरी मी लिहिते, कारण मामाला कळवणं हे आईचं काम आहे, थोरल्या दिराचं नाही.

हे पत्र पिजिनमध्ये आहे, सगळ्यांच्या बाजारबोलीत. तुला आपल्या भाषेतलं आवडलं असतं, पण आपल्या भाषेत नुसतं 'मेली' म्हणता येत नाही. कोणी मारलं ते क्रियापदातच सांगावं लागतं. सापाने, तापाने, पाण्याने, माणसाने. तू त्यावर तुझ्या पुस्तकात आख्खं प्रकरण लिहिलं आहेस. पिजिनमध्ये नुसतं 'मेली' म्हणून थांबता येतं. सध्या मला तिथेच थांबायचं आहे.

तिला चर्चच्या मागे पुरलं. त्याच दिवशी कास्परच्या माणसांनी नदीच्या वळणावर बांबू रोवला आणि त्याला पानं बांधली. वळण बंद आहे. तिथले मासे बंद, काठावरची सागूची झाडं बंद, वरच्या अंगाला जाणारी होडीची वाटही बंद. लोक मागच्या दलदलीतून होड्या ओढत नेतात. तू येऊन बांबू उपटेपर्यंत हे असंच चालणार. माहेरी, यामेरमध्ये, आपल्या घरातलं आता कोणी उरलेलं नाही. तिला दुसरा मामा नाही.

मी बोलत नाही. घरात कास्परशी कुजबुजते तेवढंच, नवऱ्याशी तेवढी मुभा असते. वळण उघडेपर्यंत आईने आवाज काढायचा नसतो, हे तुला सांगायला नको. म्हणून फोन करू नकोस. टेकडीवर उभी राहून मी नुसती ऐकत बसणार नाही.

कसं यायचं ते तुला माहीत आहे. कुऱ्हाड तुझी स्वतःची आण. बाबांची आता नीट चालत नाही.

उर्सुला

———

कुंबिट, २ मार्च

बोनिफास,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर विद्यापीठाचं चिन्ह. दवाखान्याच्या नर्सने अंगोरामहून आणलं आणि पाकीट बघून तिला वाटलं सरकारी काम आहे, म्हणून तिने ते लिओच्या हातात दिलं. लिओने ते चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांपुढे वाचलं. लोकांना हवंच होतं. मामा काय म्हणतो ते कळल्याशिवाय त्यांची दलदल सुटत नाही.

तू लिहिलंस, तुझं दुःख मी समजू शकतो. तू लिहिलंस, काळ हे सगळ्यावरचं औषध आहे. तू लिहिलंस, शिकवण्याचं सत्र चालू असल्यामुळे लगेच निघणं कठीण आहे. लिओने पिजिनमध्ये भाषांतर करून सांगितलं आणि थांबला. थेक्ला आत्या, कास्परची आत्या, खालच्या पायरीवर सुपारी कातरत बसली होती. ती म्हणाली, "आणि राग कुठाय? परत बघ. पानं चिकटली असतील." लिओने कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

लोक हसले. मला हसायला परवानगी नव्हती आणि हसू आलंही नाही.

तुला आठवत नसेल तर सांगते. आपल्या धाकट्या आत्याचा मुलगा गेला तेव्हा बाबा मामा म्हणून गेले होते. तूही त्या होडीत होतास, पुढे बसला होतास. बाबांनी धक्क्यावर उतरायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली. माझ्या बहिणीचं मूल तुमच्या घरात मेलं, तुम्ही काय करत होतात, झोपला होतात का, डोळ्यांत काय घातलं होतं. त्यांनी आत्याच्या नवऱ्याची दोन नारळाची झाडं पाडली. घराच्या खांबावर घाव घातले. मडकी फोडली. आत्याने स्वतः दुसरं मडकं आणून त्यांच्या हातात दिलं, ते मला आजही दिसतं. मग त्यांनी विचारलं, कोणी मारलं. आत्याने सांगितलं, तापाने. मग बाबा खाली बसले आणि इतके रडले की आत्याच्या नवऱ्यानेच त्यांना धरलं. दुसऱ्या दिवसापासून आत्या बोलायला लागली.

तू तुझ्या पुस्तकात लिहिलंस, 'मामाने या प्रसंगी राग दाखवावा अशी रीत आहे.' बाबा दाखवत नव्हते. मी तेव्हाच तुला म्हणणार होते, पण तू मोर्सबीत होतास आणि पुस्तक छापून झालं होतं.

पुस्तकाचं निघालंच आहे तर सांगते. तू शाळेसाठी जो गठ्ठा पाठवला होतास त्यात पक्ष्यांच्या पानावर माझ्या मुलीचं नाव आहे, चित्रासकट. मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तो पक्षी आता इथे कोणी नावाने सांगत नाही. 'तो वर बसणारा' म्हणतात. पोरं पान उघडतात आणि गप्प होतात. मी सगळ्या प्रतींमध्ये त्यावर कागद डकवला. डिंक संपला तेव्हा सागूची खळ लावली. बाकीचं पुस्तक नीट आहे. माझं वाक्यही तिथेच आहे, त्या पानावर, जिथे तू म्हणतोस की लग्न करून कुंबिटला गेलेल्या यामेरच्या बायका क्रियापदाची शेपटं गाळतात. नाव दिलं नाहीस, पण डाव्या पायाला काटा लागल्याचं वाक्य मीच बोलले होते. मी तुला काटा दाखवत होते.

आणखी एक. तू 'आपलं दुःख' असं लिहिलंस. आपल्या भाषेत आणि पिजिनमध्येही आपलं वेगळं आणि आमचं वेगळं. तू हे शिकवतोस. म्हणजे चुकून लिहिलं नसशील.

राग घेऊन ये. समजूत इथे कोणाला नको आहे.

उर्सुला

———

कुंबिट, २३ मार्च

बोनिफास,

तांदळाची पोती आणि डबाबंद मासे मिळाले. व्यापाऱ्याच्या इंजिनवाल्या होडीतून उतरवले तेव्हा अर्धं गाव धक्क्यावर होतं. थेक्ला आत्या म्हणाली, मामा आला नाही, मामाचं दुकान आलं.

लिओने सगळं वाटून टाकलं. मी अडवलं नाही, अडवण्यासाठी बोलावं लागतं. शिवाय लोकांना खरंच हवं होतं. वळणावरची सागूची झाडं याच महिन्यात तोडायची असतात, ती उभीच फुलायला लागली आहेत. फुललं की झाड आतून रिकामं होतं. बायका रोज त्यांच्याकडे बघत दलदलीतून जातात. कोणी मला काही म्हणत नाही. कुंबिटचे लोक तसे चांगले आहेत. माझ्या वाटणीचा डबा कास्परने कुत्र्याला घातला. मी सांगितलं नव्हतं.

पोत्यात तुझी चिठ्ठी होती. त्यात शेवटी लिहिलं आहेस की रेकॉर्डरचं काय झालं ते जमलं तर कळव, त्यात तिचा आवाज असेल.

रेकॉर्डर मिळाला नाही. होडी मिळाली, फुटलेली. वल्हं मिळालं. ती खाली, बेटाच्या टोकाला, वाहून आलेल्या लाकडांत मिळाली. तिच्या गळ्यात तुझ्या रेकॉर्डरची पट्टी होती, पण पट्टीला काही नव्हतं. तिचा आवाज त्यात असेल हे खरं. सोरांगच्या म्हाताऱ्या माम्बिरचाही असेल, आणि त्याचाच तुला हवा होता.

मी आजवर हे लिहिलं नव्हतं. तुला वाटलं असेल मला माहीत नाही. बोनिफास, सगळ्यांना माहीत आहे. टेकडीवर सिग्नल फक्त त्या पडक्या ओंडक्यापाशी येतो आणि तिथे नेहमी माणसं रांगेत असतात. ती तुझ्याशी बोलताना फोन स्पीकरवर ठेवायची, कारण एका हाताने ती लिहून घ्यायची. ख्रिसमसनंतर तुझा जो फोन आला तो लिओने ऐकला, नर्सने ऐकला, पाद्र्याने ऐकला. मीही रांगेत होते, मिठाची पिशवी डोक्यावर घेऊन.

तू म्हणालास, माम्बिर फार म्हातारा झालाय. सोरांगी बोलणारा तो शेवटचा. त्याची नातवंडं पिजिन बोलतात. तो गेला की आपल्या नदीवरच्या तिघी बहीण-भाषांतली एक गेली आणि तिच्या क्रियापदांच्या शेपटांवर तुझं सगळं मांडलेलं उभं आहे. सोरांगला जाऊन नाचांच्या गाण्यांचे तेवढे शब्द आणायला हवेत, अहवाल द्यायचाय.

ती म्हणाली, "मामा, नदी भरलीय. झाडं वाहून येतायत."

तू म्हणालास, "नदी दरवर्षी भरते. तू नदीचीच पोरगी ना? की शहराकडे तोंड करून बसल्यावर घाबरायला लागलीस?"

ती हसली. तू पण हसलास. तुझं हसणं स्पीकरमधून फार मोठं येतं.

मी घरी तिला म्हटलं, थांब, पाणी उतरू दे. तिने विचारलं, मामाला काय सांगू? मी म्हटलं, सांग की आईने नाही म्हटलं. ती म्हणाली, मामा म्हणेल आईला काय कळतं. तिला ते वाईट अर्थाने म्हणायचं नव्हतं. ती तुझंच बोलणं पाठ करत होती, तुझे शब्द जशी पाठ करायची तशी.

तेव्हा सत्र चालू आहे म्हणून तू येत नाहीस, असं मला सांगू नकोस. मामाने धक्क्यावर उभं राहून विचारायचं असतं, कोणी मारलं. तुला विचारता येत नाही. म्हणून तांदूळ पाठवतोस.

तरीही तू यायला हवंस. दुसरा नाही, हे मी आधीच लिहिलं आहे.

उर्सुला

———

कुंबिट, १९ एप्रिल

तू लिओला फोन केलास. मला उत्तर दिलं नाहीस, लिओला फोन केलास. लिओ भला माणूस आहे आणि त्याच्या डोक्यावर गाव आहे. मागच्या आठवड्यात दलदलीत मगरीने थेक्ला आत्याचा कुत्रा नेला, तिच्या डोळ्यांदेखत. लोक थकले आहेत हे तुला लिओनेच सांगितलं असणार, आणि तू लगेच तोडगा काढलास, राग आवाजात भरून फोनवर पाठवायचा. तुला नेहमी लगेच सुचतं.

पुरुषांच्या घरात त्यावर किती वाद झाला ते कास्परने मला येऊन सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, आवाज मामाचाच आहे ना, मग मामा आलाच की. दुसरा म्हणाला, आवाज येईल पण कुऱ्हाड कोण मारणार, फोन? तिसरा म्हणाला, पाद्री बिशपचं पत्र वाचतो तेव्हा आपण बिशप आला नाही म्हणून प्रार्थना सोडतो का. कास्परला विचारलं तर तो म्हणाला, मला विचारू नका, मी ज्याच्या घरावर घाव पडायचे तो आहे. शेवटी ठरलं, वाजवून बघायचं.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे वळणावर गेले. मी आधी जाऊन बांबूपाशी पाण्यात बसले होते. कमरेएवढं पाणी होतं. कोणी मला ऊठ म्हणालं नाही. लिओने फोन शाळेच्या मोठ्या स्पीकरला जोडला आणि काठावर ओंडक्यावर ठेवला.

मग तुझा आवाज आला. आपल्या भाषेत. एकही शेपूट गळलेलं नव्हतं. नदीच्या वरून आलो, खालच्या घरात माझं मूल मेलं, हे सगळं जिथल्या तिथे होतं. म्हातारे माना डोलवत होते, असं नीट आता कोणी बोलत नाही म्हणून. तू झाडं तोडण्याचं बोललास, मडकी फोडण्याचं बोललास. बाबा बोलले होते तेच शब्द. तू ते तेव्हा लिहून घेतले असणार. मग तू वळण उघडल्याचं म्हणालास आणि आवाज थांबला.

सगळे वाट बघत राहिले. लिओने फोन उचलून कानाला लावला, काही राहिलं आहे का बघायला.

"त्याने विचारलंच नाही," थेक्ला आत्या म्हणाली.

तेवढंच. लिओने वायर काढली. बायकांनी आणलेली जाळी पुन्हा खांद्यावर घेतली आणि सगळे दलदलीच्या वाटेने घरी गेले. बांबू तिथेच आहे.

मी इतके दिवस तुझ्यावर चिडले होते. रविवारी मला तुझी लाज वाटली, तीही परक्यांच्या गावात. हे जास्त वाईट.

उर्सुला

———

कुंबिट, ६ मे

कास्पर सोरांगला गेला आहे. माम्बिरला आणायला.

लिओ सांगतो की तुला हे कळल्यावर तू फोनवर म्हणालास, माम्बिर मामा कसा होईल, त्याचा आमच्या घराशी काही संबंध नाही. तुझंच पुस्तक घेऊन मी लिओला दाखवलं, बोट ठेवून, कारण बोलता येत नाही. पहिल्या प्रकरणात तू ती तीन होड्यांची गोष्ट लिहिली आहेस, बाबांनी सांगितलेली. सगळे आधी सरोवरावर एकत्र राहत होते, माशांच्या वाटणीवरून भांडले आणि तीन होड्यांतून निघाले. मग तू लिहितोस की गोष्ट बाजूला ठेवली तरी शब्द तेच सांगतात. सोरांगी आणि यामेरी या सख्ख्या बहिणी, एकीला जिथे 'क' आहे तिथे दुसरीने तो गिळला आहे एवढंच. कुंबिटी त्यांच्याहून आधी वेगळी झाली. म्हणून तू त्या कुळाला नाव दिलंस यामेर-सोरांग.

या नावावरून लिओ इतकी वर्षं माझ्याशी भांडत आला. आम्ही कुठे आहोत, म्हणायचा. तिघी बहिणी म्हणता आणि पाटीवर दोघींचीच नावं. या वेळी त्याने पान वाचलं आणि म्हणाला, बरं. आम्ही पाटीवर नाही म्हणजे आम्ही जावई. पाटीवरचे दोघं भाऊ. मग यामेरच्या बाईला सोरांगचा म्हातारा भाऊच लागतो.

पुरुषांच्या घरात कोणी हरकत घेतली नाही. तुझ्या पुस्तकाचा गावाला झालेला हा पहिला उपयोग.

तुला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहिलं आहे.

उ.

———

कुंबिट, २८ मे

बोनिफास,

वळण उघडलं.

कास्पर जाताना दलदलीतून गेला, येतानाही तिथूनच आला. पण म्हातारा म्हणाला, मामा दलदलीतून जात नाही. दोन नातवांनी त्याला बंद वळणाच्या पाण्यातून आणलं. तिच्यानंतर त्या पाण्यावर आलेली ती पहिली होडी. आम्ही सगळे काठावर होतो. म्हातारा होडीच्या तळाला सागूच्या पोत्यासारखा बसला होता, त्याला आता नीट दिसत नाही, आणि तो लांबूनच ओरडत होता. काठ किती दूर आहे ते कळत नसल्यामुळे तो फार आधीपासून ओरडत आला असावा. आवाज बसला होता.

तो सोरांगीत बोलत होता. आम्हाला अर्धं कळत होतं. अर्धं कळलं तेच पुरे होतं. कुंबिटवाले चिखलात जन्मले, चिखल खातात, त्यांना पाणी काय कळणार. कास्परला म्हणाला, तू इथे काठावर कोरडा कसा उभा आहेस? लिओला म्हणाला, हा कौन्सिलर, याच्या पोटात एक अख्खी मुलगी मावली असती. लिओ मान खाली घालून उभा होता. असंच उभं राहायचं असतं.

नातवांनी त्याला काखेत धरून उतरवलं. कुऱ्हाड त्याची स्वतःची होती, दगडाची नाही, पण दांडा जुना, हाताने गुळगुळीत झालेला. त्याने आमच्या घराच्या खांबावर घाव घातला. पहिला हवेत गेला. कास्परने त्याचा हात धरून खांबावर नेला. मग त्याने मारलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाचे घाव म्हणजे काय, साल निघाली असेल. पण तो थांबेना. श्वास संपला तरी मारत राहिला. मी मडकं आणून दिलं. त्याने ते चाचपलं, चांगलं आहे की नाही ते बघितलं आणि दगडावर आपटलं. दुसरं मागितलं.

मला वाटलं होतं, परकं माणूस आहे, रीत म्हणून करेल आणि जाईल. तुझ्या पुस्तकात आहे तसं राग दाखवेल. पण तो तिला ओळखत होता. ती त्याच्याकडे राहिली होती, शेवटच्या त्या दिवसांत. ओरडताना मध्येच तो तिच्याबद्दल बोलत होता. माझी सुपारी खायची आणि माझ्या गाण्याला हसायची. मी म्हटलं थांब, पाणी वाढतंय, माझी गाणी कुठे पळून जात नाहीत, मी अजून मरत नाही. ती म्हणाली, मामाला घाई आहे. मी म्हटलं, मी पण मामाच आहे, मी सांगतो राहा. ती म्हणाली, तुम्ही इथले मामा, ते तिथले.

हे बोलून तो खाली बसला आणि मग पुन्हा उठला, कारण अजून विचारायचं राहिलं होतं.

आदल्या दिवशी लिओने मला येऊन सांगितलं होतं, उर्सुला, पाण्याने म्हण. पाणी म्हटलं की सगळं तिथेच संपतं. पाण्याला कोणी जाब विचारत नाही. तुझा भाऊ शहरात मोठा माणूस आहे, शाळेला त्याची मदत असते. तो वाईट बुद्धीने सांगत नव्हता. कास्परने कोयता घासायला घेतला आणि तो घासतच राहिला.

म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी कुठे आहे हे त्याला नातवाने हात लावून दाखवलं. 'कोण' हा शब्द तिन्ही भाषांत एकच आहे, तुझ्या यादीत पाणी आणि डोळा यांच्याजवळ कुठेतरी आहे. त्यामुळे पोरांनाही कळलं.

"कोणी?"

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा आवाजच आला नाही. इतके महिने कुजबुजल्यावर आवाज कुठे ठेवला ते विसरायला होतं. मी घसा साफ केला आणि आपल्या भाषेत, पूर्ण वाक्य बोलले. शेपूट गाळलं नाही.

"तिला बोनिफासने मारलं."

मग म्हातारा म्हणाला, हं. आणि कुऱ्हाड नातवाकडे दिली. त्याने बांबूपर्यंत स्वतः चालत जायचं ठरवलं, पाण्यात, दोन्ही बाजूंनी धरून. बांबू खोल गेला होता. तिघांनी मिळून उपटला. पानं वाहून गेली. थेक्ला आत्याने जाळं आधीच उघडून ठेवलं होतं, ती सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. सागूची बरीच झाडं वाया गेली, पण काही वाचली आहेत.

आता तू लिहिशील की हे खरं नाही, होडी ओंडक्याने उलटली, तू हजार मैलांवर होतास. मला माहीत आहे कुठे होतास. तू कोर्टातला शब्द धरशील. मी कोर्टात बोलले नाही. मी माझ्या भाषेत बोलले, तिथे ती जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि पाण्याचं नाव तिथे घालताना माझी जीभ वळली नाही. यापुढे या नदीवर कोणीही तिच्या मरणाचं सांगेल तेव्हा तुझ्या नावासकट सांगेल. तुझ्या पुढच्या पुस्तकासाठी उदाहरण म्हणून घे. या वेळी बोलणाऱ्या बाईचं नाव दे.

मामा म्हणून तुझ्यासाठी इथे आता काही उरलं नाही. ते काम झालं, तुझ्याहून चांगलं झालं. तू यायला घाबरत होतास कारण तुला विचारता येत नव्हतं. आता विचारायचं नाही.

पण ज्याने मारलं त्याची जागा असते, हे तू पुस्तकात लिहिलेलं नाहीस. बाबांनी तुला सांगितलं नसेल, किंवा तू विचारलं नसशील. घराखाली, खांबांमध्ये, चुलीची राख टाकतात त्या बाजूला. त्याने पाठ करून बसायचं. बायका त्याच्या अंगावर राख टाकतात आणि ओला चिखल टाकतात, पोटात असेल ते सगळं बोलतात. लोखंडाने कोणी मारत नाही. संध्याकाळी मेलेल्याची आई सागू शिजवते आणि स्वतःच्या हाताने त्याला देते, आणि ते त्याने संपवायचं असतं, तिच्यासमोर, थोडंही न ठेवता. मग तो उठू शकतो. त्यानंतर त्याचं नाव वाक्यातून निघत नाही, पण त्याला गावात चालता येतं, बहिणीच्या घरात चढता येतं.

म्हातारा निघताना मला विचारून गेला, येईल का तो? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, मी असलो तर मला बोलवा, मला राख टाकायचीय.

व्यापाऱ्याची होडी दर पंधरवड्याला अंगोरामहून निघते. खालच्या धक्क्यावर उतरू नकोस, तो पाहुण्यांचा आहे. तांदूळ आणू नकोस. वाटेत काही खाऊ नकोस.

उर्सुला